सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरची साफसफाई आणि तेलपाणी

दर बारीला ज्याचा घोडा अंगठ्याने मागं ओढावा लागतो आणि चाप तो फक्त सोडतो, अशा रिव्हॉल्व्हरची नळी, चक्र आणि आतली यंत्रणा पुसून तेल देण्याचं काम. ('घोडा' शब्दाचा मराठीत गोंधळच आहे, 'घोडा दाबला' म्हणणारा चाप दाबल्याचं सांगत असतो आणि बोलीत तर आख्खं हत्यारच घोडा होतं, इथं घोडा म्हणजे काडतुसावर आपटणारा भाग एवढंच.) नमुना म्हणून १८७३ चं कोल्ट धरलंय. सातारा-सांगलीकडं लायसन्सवाल्यांकडं बहुतेक डबल अ‍ॅक्शनच (चाप ओढला की घोडा आपोआप मागं जाऊन आपटतो असं) दिसतं, पण फौजेतून आलेल्या माणसांचे शब्द दोन्हीला चालतात: नळीत ओढायची दोरी म्हणजे फुलथ्रू आणि तिला लावायचा कपडा म्हणजे चिंधी.

तेलपाणी हा शब्द इथं अक्षरशः लागू पडतो, आधी पाणी आणि मग तेल. जुन्या काडतुसांत भरायच्या काळ्या दारूत सोरा अंदाजे ७५ टक्के, बाकी कोळसा आणि गंधक, आणि ती जळली की निम्म्याहून जास्त वजन राखेसारखं मागं उरतं. त्यात पोटॅशियमचे क्षार असतात, ते हवेतली ओल ओढतात आणि पावसाळ्यात महाबळेश्वर-पाटणच्या बाजूला तर रात्रीतून नळीत तांबूस डाग येतो. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात, त्यामुळं नुसतं तेल चोपडलं तर गंज तेलाखाली झाकून ठेवल्यासारखं होतं. बिनधुराची दारू आल्यावर पाण्याची गरज संपली असं काहीजण धरतात ते अर्धंच खरं, कारण जुन्या काडतुसांच्या टोपीत (घोडा आपटला की पेटणाऱ्या बुडाच्या टिकलीत) पोटॅशियम क्लोरेट असायचं आणि त्याचंही मीठच उरायचं. थ्री नॉट थ्री रायफलीच्या नळीत उकळतं पाणी ओतायची फौजेतली पद्धत त्यासाठीच होती. नव्या काडतुसांना सॉल्व्हंट, म्हणजे घाण विरघळवणारं द्रावण, पुरतं. निकेलचा मुलामा असेल तर अमोनियावालं सॉल्व्हंट त्यावर राहू देऊ नये.

खोलण्याआधी घोडा अर्ध्यावर आणून, बाजूची खिडकी उघडून, चक्र फिरवत सहाही घरं रिकामी आहेत का ते बघायचं, दोनदा. मग मधली दांडी पुढं ओढली की चक्र उजवीकडनं बाहेर येतं. ही दांडी जुन्या कोल्टमध्ये पुढून बसवलेल्या स्क्रूने धरलेली असायची, नंतर आडवी स्प्रिंगची कळ आली. बदलाचं साल कोणी १८९२ सांगतं कोणी १८९६, मधल्या काळात दोन्ही प्रकार निघाले असं मानणं बरं. स्क्रूवाल्याला बरोबर मापाचा पेचकस नसेल तर हातच लावू नये, खाच चेचलेली हत्यारं गंजलेल्यांपेक्षा जास्त दिसतात. चौकट बंद असल्यामुळं नळी पुसायचा गज मागून सरळ जात नाही, तोंडाकडूनच घालावा लागतो, म्हणून नळीच्या तोंडाची कड जपायची. कोल्टच्याच १८५१ च्या 'नेव्ही' रिव्हॉल्व्हरमध्ये पाचर काढली की नळीच सुटते, तिथं ही अडचण नाही.

तेल अगदी थोडं. दांडीवर बोट फिरवून येईल एवढा थर, घोड्याच्या कण्याला आणि चक्र ढकलणाऱ्या पंजाला एकेक थेंब, घरं मात्र कोरडी, नाहीतर तेल टोपीत शिरून काडतूस फुसकं जातं. खोबरेल थंडीत गोठतं, जवसाचं वाळून वार्निश होतं, दोन्ही नकोत. शिलाई मशीनचं चालतं पण लवकर उडतं.

खंडेनवमीला हत्यार पुजून झालं की कुंकू त्याच दिवशी पुसावं, ओलं कुंकू राहिलेल्या जागी ठिपका उठतो. कातडी म्यानातही कायमचं ठेवू नये, कातडं ओल धरून बसतं.

जोडून झाल्यावर, रिकामं असतानाच, घोडा सावकाश मागं ओढायचा: जुन्या कोल्टमध्ये चार टकटक ऐकू येतात. तिसरी चक्राच्या खाचेत खिटी बसल्याची, ती आली नाही तर आत घाण राहिलीय किंवा खिटीची स्प्रिंग गेलीय.