हिरवा मुका मार की कुसलेली जखम?

कुत्र्याच्या तोंडातून सोडवलेली कोंबडी कशीबशी रात्र काढते. दुसऱ्या दिवशी पिसं बाजूला करून बघावं तर मांडीवरची, पंखाखालची कातडी हिरवी पडलेली असते, विहिरीच्या कठड्यावरच्या शेवाळासारखी. घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, "कुसली गो ती," म्हणजे सडली. मग औषधपाणी थांबतं आणि सुरी शोधली जाते.

आमच्याकडे एकदा असंच झालं. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमचं घर, मागे कुळागर म्हणजे माड-पोफळींची बाग, परसात आठ-दहा गावठी कोंबड्या. पावसाळ्यात एका सकाळी कुत्र्याने तांबडी कोंबडी धरली. ती वाचली, संध्याकाळी पेजेतली शितं टिपायला लागली आणि दुसऱ्या दिवशी मांडी हिरवी झाली. विष अंगभर पसरायच्या आत तिला सोडवा, असं घरात ठरलं. मी विरोध केला नाही, कारण मलाही ते सडणंच वाटलं होतं. पुढे पशुवैद्यांशी बोलताना कळलं की हिरवा रंग ही तिची बरं होण्याची खूण होती. पेज खाणारी ती कोंबडी अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून आधी त्या रंगाविषयी. मुका मार बसला की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त साकळतं. शरीर ते रक्त हळूहळू मोडून साफ करतं. हिमोग्लोबिनमधला लाल भाग मोडला की आधी बिलिव्हर्डिन हे हिरवं रंगद्रव्य तयार होतं. माणसाच्या शरीरात एक एन्झाइम त्याचं पटकन पिवळं बिलिरुबिन करून टाकतं, म्हणून आपला मार काळानिळा होतो आणि मग पिवळा पडत जातो. पक्ष्यांच्या शरीरात हे एन्झाइम फार कमी असतं, त्यामुळे हिरवा रंग साचून राहतो आणि पातळ कातडीतून ठळक दिसतो. बदकाच्या अंड्याच्या कवचावर जी निळसर-हिरवी झाक असते, तीही याच द्रव्याची. उपाशी कोंबडीची विष्ठा हिरवी होते तीही याच्यामुळेच, कारण पक्ष्यांच्या पित्तात मुख्यतः बिलिव्हर्डिनच असतं.

मुक्या माराचे रंग ठरलेल्या क्रमाने बदलतात. पहिल्या काही मिनिटांत लाल, १२ तासांच्या सुमारास गडद लाल-जांभळा, २४ तासांनी जांभळ्यात हिरवी झाक, दोन दिवसांत पिवळट हिरवा. मग तो पिवळा होत फिका पडतो. लहानसा मार पाचव्या दिवसापर्यंत जवळजवळ दिसेनासा होतो. कुत्र्याने जबड्यात धरून झटकलेल्या कोंबडीचा मार खोल असतो, त्याला आठवडा किंवा जास्तही लागतो. रंग खाली ओघळल्यासारखा सरकू शकतो, मांडीचा हिरवेपणा दुसऱ्या दिवशी पोटऱ्यांपर्यंत आलेला दिसतो. ते बघून घाबरू नये.

सडणं वेगळं. ते बहुतेक वेळा जखमेच्या काठावरून किंवा दाताच्या भोकाभोवती सुरू होतं. रंग काळपट निळा किंवा मातकट हिरवा असतो, त्यात शेवाळाचा ताजेपणा नसतो. कातडी ओलसर, बुळबुळीत होते. मुका मार हाताला कोमट लागतो. कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश सेल्सियस असतं, त्यामुळे ताजा मार चांगलाच गरम वाटतो. मेलेला भाग गार लागतो, कारण तिथलं रक्त वाहायचं थांबलेलं असतं. शिवाय माराचा रंग दिवसागणिक उतरत जातो, सडण्याचा दिवसागणिक चढतो.

तरीही रंगापेक्षा मी वासावर जास्त भरवसा ठेवते. रोज सकाळी जखमेजवळ नाक न्यायचं. मुक्या माराला वास नसतो. चांगल्या भरत असलेल्या उघड्या जखमेलाही फारसा नसतो. कुसलेल्या जखमेचा वास एकदा घेतला की पुन्हा ओळखायला चुकत नाही.

इथे आमच्या घरगुती उपायांबद्दल बोलायलाच हवं. कुठलीही जखम झाली की आपला हात आधी हळदीकडे जातो, मग खोबरेल तेलाकडे. कोंबडीच्या खोल जखमेत हळद भरली की सगळी कातडी पिवळी होते आणि खालचा रंग कळतच नाही. जांभळं औषध फासलं तरी तीच गत. तेलाने पिसं चिकटतात, अंगातली ऊब टिकत नाही. वाचवण्याच्या प्रेमापोटीच आपण हे करतो, पण त्यामुळे जे बघायचं तेच झाकलं जातं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट दीड चमचा, घालावं आणि बिनसुईच्या सिरिंजने जखम धुवावी. पोव्हिडोन आयोडीन वापरायचं तर पाण्यात पातळ चहाच्या रंगाचं करून. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतू नये, त्याने नव्याने येणारं मांसही जळतं.

धुऊन कोरडं केल्यावर हिरव्या भागाच्या कडेने बॉलपेनने रेघ मारायची आणि उजेडात फोटो काढायचा. ट्यूबलाइटच्या प्रकाशात रंग फसवतो, दिवसा अंगणात आणून बघावं. दुसऱ्या दिवशी रेघेच्या बाहेर काळपटपणा आला असेल, वास येत असेल, कोंबडी मान टाकून बसली असेल, तुरा जांभळा किंवा पांढुरका पडला असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठायचा. रेघेच्या आत हिरव्याचं पिवळं होत असेल आणि कोंबडी दाणे टिपत असेल, तर तिला राहू द्यावं.

आणखी काही गोष्टी सडण्यासारख्या दिसतात. फाटलेल्या कातडीची कड काळी, कोरडी, चामड्यासारखी होते. तो भाग मेलेला असतो हे खरं, पण कोरडा आणि बिनवासाचा असेल तर खाली नवं मांस भरत असतं आणि काळी कड आपोआप सुटते. ती ओढून काढू नये. जखमेवर पातळ पिवळसर थर येतो, त्यालाही लोक पू समजतात. कोंबडीचा पू आपल्यासारखा वाहतच नाही. पक्ष्यांच्या पांढऱ्या पेशींत पू पातळ करणारी एन्झाइमं कमी असतात, म्हणून त्यांचा पू घट्ट, पनीरच्या चुऱ्यासारखा होतो आणि त्याची गाठ बनते. म्हणून भोकाखाली टणक गाठ लागली तर जास्त सावध व्हावं. ओला पातळ थर बहुधा भरण्याचाच असतो.

कातडी दाबल्यावर कुरकुर लागणं हे सगळ्यात फसवं. पक्ष्याच्या फुफ्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात. कुत्र्याचा दात त्यांत शिरला तर हवा कातडीखाली साठते आणि फुग्यासारखी सूज येते. ती स्वच्छ असते, वास नसतो. पण क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू मांसात वाढले तरी वायू तयार होतो आणि बोटाखाली तशीच कुरकुर लागते. तिथे कातडी काळवंडलेली, ओली असते आणि कोंबडी काही तासांत ढासळते. या दोन्हींत फरक करत घरी बसू नये, दोन्हीसाठी डॉक्टरच हवा.

गोव्यात पावसाळ्यात माश्या हा मोठा धोका. त्यांनी घातलेली अंडी दिवसाच्या आत फुटतात आणि जखमेत किडे पडतात. किडे मेलेल्या मांसाच्या वासाला येतात, म्हणून जिथे किडे तिथे बहुधा कुसणं सुरू झालेलंच असतं. कोंबडी डालग्याखाली ठेवावी, वरून जुनी मच्छरदाणी पसरावी, खाली रोज बदलता येईल असं फडकं. इतर कोंबड्यांपासून तिला वेगळं ठेवायचंच. लाल दिसलं की त्या टोचा मारतात.

सगळ्यात अवघड म्हणजे दोन्ही एकत्र असणं, आणि कुत्र्याच्या चाव्यात तेच जास्त घडतं. बाहेरून हिरवा मार दिसतो आणि त्याच्या मधोमध, पिसांच्या आड, तांदळाएवढं भोक असतं. दातासोबत लाळेतले पाश्चुरेला आणि इतर जंतू खोल जातात आणि वरचं भोक दिवसभरात बंद होतं. म्हणून हिरवं दिसलं की पहिलं काम म्हणजे पिसं पाण्याने भिजवून प्रत्येक बोटभर जागा तपासणं. भोक सापडलं तर हिरव्याला मुका मार म्हणून सोडून देऊ नका. ते शिवून किंवा चिकटपट्टीने बंदही करू नका. पशुसंवर्धन खात्याच्या दवाखान्यात न्यायच्या आधी कोंबडीचं वजन करून ठेवा. औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि गावठी कोंबडी जेमतेम सव्वा-दीड किलोची असते. औषध चालू असताना आणि नंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, हेही डॉक्टरांना विचारून घ्या.

स्वतःची काळजी घ्या. गोवा सरकारने २०२१ साली राज्याला रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं आहे, पण म्हणून कुत्र्याची ओली लाळ लागलेली कोंबडी ओरखडे असलेल्या हातांनी धरू नये. लाळ जखमेवर लागलीच तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं हात धुवा आणि आरोग्य केंद्रात जा.

गेल्या पावसात आमच्या ढवळीला कुत्र्याने धरलं. तिसऱ्या दिवशी तिची पाठ हिरवी, कड काळी आणि कोरडी, एकही भोक नाही, वास नाही. मी रेघ मारली आणि थांबले. नवव्या दिवशी रेघेच्या आत फिकट पिवळं उरलं होतं. मुळापासून उपटलेली पिसं काही आठवड्यांत परत आली. मधूनच तुटलेली मात्र पुढच्या पिसं झडण्याच्या वेळेपर्यंत तशीच राहिली.