शरीरस्थिती आणि जुनाट वेदना

बसताना, उभे राहताना, वाकताना किंवा झोपताना शरीर ज्या ढबीत राहते ती शरीरस्थिती. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारे किंवा पुन्हापुन्हा उलटणारे दुखणे वैद्यकात जुनाट धरतात. कंबर, मान आणि खांदे यांच्या अशा दुखण्यावर ढब सुधारणे हा एक जुना आणि बिनखर्चाचा उपाय आहे. पुण्याचा या विषयाशी दुहेरी संबंध आहे. दुखणे वाढवणारी दिनचर्या इथे मुबलक आहे आणि त्यावरची, पुढे जगभर पोचलेली एक योगपद्धतीही इथेच घडली.

पाठीचा कणा मुळात सरळ नसतो. मानेच्या ७ आणि कमरेच्या ५ मण्यांपाशी तो पुढे झुकतो, तर पाठीच्या १२ मण्यांपाशी मागे. पोक काढून बसल्यावर कमरेचा बाक सपाट होतो आणि मणक्यांमधल्या गाद्यांच्या पुढच्या कडेवर दाब वाढतो. प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन सुमारे ५ किलो असते. मान पुढे गेली की ते तोलून धरण्याचे काम मानेमागच्या स्नायूंवर येऊन पडते, आणि तासन्‌तास एकाच ताणात राहिलेला स्नायू दुखू लागतो.

मात्र वाकडी ढब म्हणजे दुखणे, असा सरळ हिशेब नाही. पोक असलेली कित्येक माणसे आयुष्यभर कुरकुर न करता जगतात आणि ताठ बसणाऱ्यांचीही कंबर धरते. दुखणे जुने झाले की मज्जासंस्थाच हळवी होते. अपुरी झोप, चिंता आणि ‘मणक्यात गॅप आलाय’ या वाक्याने बसलेली धास्ती यांचाही त्यात वाटा असतो. एमआरआयमध्ये गादी थोडी सरकलेली दिसणे हे काहीही न दुखणाऱ्यांतही सर्रास आढळते. घरोघरी ऐकू येणारा ‘ताठ बस!’ हा हुकूम त्यामुळे अर्धाच खरा आहे. दिवसभर छाती काढून बसणेही स्नायूंना दमवतेच. एकच आदर्श ढब शोधण्यापेक्षा दर अर्ध्या तासाने उठावे, ढब बदलावी, हा सल्ला अधिक पटण्याजोगा आहे.

पुण्यात हे दुखणे अनेक रूपांत भेटते. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची मुले सकाळपासून रात्रीपर्यंत पुस्तकावर मान घालून असतात. हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत अडचण लॅपटॉपच्या रचनेतच आहे: पडदा डोळ्यांसमोर आणावा तर खांदे वर उचलले जातात, कळफलक कोपरांच्या उंचीला आणावा तर मान खाली जाते. म्हणून पडदा उंचावून कळफलक वेगळा जोडणे हा महागड्या खुर्चीपेक्षा उपयोगाचा बदल ठरतो. त्यात दुचाकीच्या प्रवासाची भर. खड्डे आणि गतिरोधक यांचे हादरे बैठकीतून थेट कण्यात जातात, आणि पाठीवर जड सॅक असली तर विचारायलाच नको.

सुरुवातीला उल्लेखलेली योगपद्धत घडवणारे बेळ्ळूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार (१९१८–२०१४) हे मूळचे कर्नाटकचे. लहानपणी मलेरिया, विषमज्वर आणि क्षय यांनी खंगलेले हे गृहस्थ १९३७ साली योग शिकवायला पुण्यात आले ते इथलेच झाले. व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन १९५२ मध्ये त्यांना भेटले आणि पुढे मेन्युहिन यांच्यामुळे ही पद्धत युरोपात पोचली. मॉडेल कॉलनीतली रमामणी अय्यंगार योगसंस्था १९७५ मध्ये सुरू झाली.

या पद्धतीचे वैशिष्ट्य साधनांत आहे: पट्टे, लाकडी ठोकळे, लोड, ब्लँकेटच्या घड्या, खुर्ची, भिंतीतल्या कड्यांना बांधलेले दोर. दुखणाऱ्या शरीराला आसनापर्यंत ओढत न्यायचे नाही, आसनच त्याच्यापर्यंत आणायचे, असा त्यामागचा विचार. दोरावरचे अधोमुख श्वानासन पाहिले की तो कळतो. दोराचा वेढा जांघांशी बसतो, हात पुढे जमिनीवर टेकतात. वजन दोराने पेलल्यामुळे खांद्यांवर भार येत नाही आणि कंबर मागे ओढली जाऊन लांबते. ज्याला एरवी वाकण्याचीच भीती वाटते, तोही यात थोडा वेळ निवांत राहू शकतो. याहून सोपे म्हणजे पाठीवर निजून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवणे. ताडासनात तर टाचा आणि चवडे यांवर वजन सारखे पडते का, एवढेच आधी शिकवतात. दिसायला हे क्षुल्लक, पण आपण कायम एकाच पायावर रेलतो हे बहुतेकांना तिथेच उमगते.

या उपायाकडून किती अपेक्षा ठेवावी? वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात २१ चाचण्या आणि २,२२३ रुग्णांची माहिती तपासली गेली. जुनाट कंबरदुखीत काहीच व्यायाम न करण्यापेक्षा योगाने थोडा फरक पडतो, पाठीच्या इतर व्यायामांहून मात्र तो सरस ठरत नाही, असे त्यातून दिसले. काहींची पाठदुखी योगाने वाढल्याचीही नोंद तिथे आहे. चालणे, फिजिओथेरपी किंवा योग यांपैकी जे नियमाने होईल ते निवडावे.

पायात वाढता अशक्तपणा, बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ताप, कारणाविना घटणारे वजन किंवा पडल्यानंतरची तीव्र वेदना असेल तर ढबीचा विचार बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठावा. त्यातही पहिली तीन लक्षणे एकत्र दिसली तर तातडीची शस्त्रक्रिया लागू शकते.