पार्श्वभूमी : रशिया पाश्चात्त्य आहे का?

युक्रेन युद्धानंतर हा प्रश्न जगभर विचारला जातोय. पण त्यावर सर्वांत कडवट भांडण झालं ते रशियनांचं आपापसातच.

मुळाशी धर्म आहे. ९८८ मध्ये किव्हच्या व्लादिमीरने ख्रिस्ती धर्म घेतला तो रोमकडून नव्हे, कॉन्स्टँटिनोपलकडून. पुढे पूर्वेचं आणि पश्चिमेचं चर्च दुभंगलं, मग मंगोलांचा अंमल आला. पश्चिम युरोप ढवळून काढणाऱ्या प्रबोधनाच्या आणि धर्मसुधारणेच्या लाटा मॉस्कोपर्यंत फारशा पोचल्या नाहीत. अर्थात दारं अगदीच बंद नव्हती. क्रेमलिनमधलं उस्पेन्स्की कॅथेड्रल बांधलं ते इटलीतल्या बोलोन्याच्या फिओराव्हांती या वास्तुविशारदाने.

पीटर द ग्रेट १६९७-९८ मध्ये हॉलंड-इंग्लंडला जाऊन जहाजबांधणी शिकला. परतल्यावर त्याने सरदारांच्या दाढ्या उतरवल्या आणि १७०३ मध्ये सेंट पीटर्सबर्ग वसवायला घेतलं. शेतकऱ्याला गावात दाढी ठेवायची मुभा होती, शहराच्या वेशीवर मात्र तिचे पैसे मोजावे लागत. पुढे उमराव फ्रेंच बोलू लागले आणि भूदासांचे, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांचे, पाश आणखी आवळले गेले. माझ्या मते खरी गाठ इथेच बसली. तोफा, गणवेश, अकादमी हे सगळं आलं. झारच्या सत्तेला वेसण घालणारी संस्था आली नाही.

१८१२ मध्ये नेपोलियनशी लढून रशियन सैन्य १८१४ मध्ये पॅरिसमध्ये शिरलं. त्यात प्योत्र चादायेव हा तरुण अधिकारी होता. १८३६ मध्ये त्याचं एक पत्र मॉस्कोच्या मासिकात छापून आलं. आपण ना पूर्वेचे, ना पश्चिमेचे, जगाच्या विचारात आपण काहीच भर घातली नाही, असं त्याने लिहिलं होतं. मूळ पत्र फ्रेंचमध्ये होतं! निकोलस पहिल्याने मासिक बंद केलं, संपादकाला हद्दपार केलं आणि चादायेवला वेडा ठरवून घरात डांबलं.

त्या पत्राने वाद पेटला. बेलिन्स्की, हर्झेन हे पाश्चात्त्यवादी, रशियाने युरोपाच्या वाटेने जावं म्हणणारे. खोम्याकोव्ह, किरेयेव्हस्की हे स्लाव्हवादी, रशियाची स्वतःची वेगळी वाट आहे म्हणणारे. हाच किरेयेव्हस्की जर्मनीत हेगेलची व्याख्यानं ऐकून आला होता. १८३२ मध्ये त्याने ‘युरोपियन’ नावाचं मासिक काढलं, तेही झारने दोन अंकांतच बंद पाडलं. पश्चिमेला नाकारण्याची हत्यारंसुद्धा पश्चिमेतच घडली होती, हे विसरता येत नाही.

रशिया-तुर्कस्तानमधल्या क्रिमियन युद्धात (१८५३-५६) ब्रिटन आणि फ्रान्स तुर्कस्तानच्या बाजूने उतरले, ती जखम खोल गेली. १८६९ मध्ये दानिलेव्हस्की या विचारवंताने रशिया ही युरोपाहून वेगळी संस्कृती असल्याचा सिद्धान्त मांडला. १९२१ मध्ये बल्गेरियातल्या सोफियात जमलेल्या निर्वासित रशियन विचारवंतांनी त्याला ‘युरेशिया’चं, म्हणजे रशिया हे युरोप-आशियाहून वेगळं जग आहे या कल्पनेचं, रूप दिलं.

गोर्बाचेव्ह ‘समाईक युरोपीय घरा’बद्दल बोलले, १९९६ मध्ये रशिया युरोप परिषदेत (मानवी हक्कांसाठीची युरोपीय देशांची संघटना, युरोपीय संघ नव्हे) दाखल झाला. मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवरच्या आक्रमणानंतर, त्याला तिथून काढण्यात आलं. वर्षभराने क्रेमलिनने जाहीर केलेल्या परराष्ट्र धोरणात रशियाला स्वतंत्र ‘संस्कृती-राष्ट्र’ म्हटलं आहे. दानिलेव्हस्कीचा विचार असा सरकारी कागदावर उतरला, आणि आज त्याविरुद्ध लिहिणाऱ्या रशियनांना तुरुंग किंवा परदेश गाठावा लागतो आहे.