सराव आणि निवड: दावण्या औषधाला दाद का देत नाही

ऑक्टोबर छाटणी होऊन वीस-बावीस दिवस झालेले, रात्री पाऊस येऊन गेलेला, पानांवर दव. तासगाव तालुक्यातल्या आमच्या द्राक्षबागेत अण्णा एक पान उलटं करून बघतात. वरच्या अंगाला तेलाचा थेंब पडावा तसा पिवळसर डाग, आणि बरोबर त्याच्या मागे पांढरी लव. दावण्या, द्राक्षाच्या पानांवरचा रोग. चार दिवसांपूर्वीच औषध मारलेलं. अण्णा ते पान बागेत न टाकता खिशात घालतात आणि म्हणतात, "औषधाला सरावलाय ह्यो."

हे वाक्य सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही द्राक्षबागेत ऐकायला मिळेल. कपाशीवाले बोंडअळीबद्दल तेच म्हणतात. मला ते खटकतं, कारण त्या एका शब्दापायी पुढची फवारणी चुकते. सराव होणं वेगळं आणि निवड होणं वेगळं.

सराव म्हणजे काय, ते माझ्या फौजेतल्या चुलतभावाकडे बघून कळतं. लेहला, म्हणजे सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर, त्याची बदली झाली तेव्हा पहिले सहा दिवस त्याला जड काम दिलं नाही. धाप लागायची, डोकं ठणकायचं. मग शरीराने जुळवून घेतलं. श्वास वाढला, काही आठवड्यांत रक्तातल्या तांबड्या पेशी वाढल्या. गावी लांब सुट्टीवर आला की त्या हळूहळू पूर्वपदावर येतात. त्याची मुलगी इथे गावात जन्मली. बापाने लेहला कमावलेलं तिच्या रक्तात काही उतरलेलं नाही.

आता तेवढ्याच किंवा त्याहून जास्त उंचीवर हजारो वर्षं राहणारे तिबेटी लोक घ्या. आपल्याला वाटेल, त्यांच्या रक्तात तांबड्या पेशी आणखी जास्त असणार. तसं नाही. त्या उंचीच्या मानाने बहुतेकांचं हिमोग्लोबिन कमीच असतं. 2010 साली संशोधकांना याचा संबंध ईपीएएस1 या जनुकाच्या एका खास रूपाशी सापडला. रक्त फार दाट झालं की हृदयावर ताण येतो, गरोदरपणात धोका वाढतो. ज्यांच्याकडे रक्त दाट होऊ न देणारं हे रूप होतं त्यांचा वंश जास्त टिकला, म्हणून आज ते बहुसंख्य तिबेट्यांत आढळतं. डोंगर चढून कोणाचं जनुक बदललं नाही. सरावाने रक्त दाट होतं, आणि निवडीने ते दाट न होणारी माणसं टिकवली. दोन्ही गोष्टी एकच असत्या तर निदान दिशा तरी एक असती.

दावण्याचं प्रकरण यातलं दुसरं आहे. (शास्त्रज्ञ दावण्याला खरी बुरशी मानत नाहीत, पण आपण बुरशीच म्हणू.) पानामागच्या त्या पांढऱ्या लवेतून हजारो बीजाणू सुटतात, आणि हवा मानवली तर साधारण आठवड्याभरात पुढची पिढी तयार. इतक्या संख्येत जनुकांची नक्कल करताना कुठे ना कुठे चूक होतेच. स्ट्रोबिल्युरिन गटातली औषधं बुरशीच्या पेशीत सायटोक्रोम बी नावाच्या प्रथिनाला चिकटतात आणि तिचं श्वसन थांबवतात. या प्रथिनाच्या साखळीत 143 व्या जागी ग्लायसिनऐवजी ॲलनिन आलं, एवढा एक मणी बदलला, की औषधाला चिकटायला जागाच राहत नाही. असा बीजाणू फवारणीआधी लाखांत एखादा असेल. फवारणी झाली, बाकीचे मेले, आणि सगळं पान त्या एकट्याला मोकळं मिळालं. महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांमधल्या दावण्यात हा बदल सापडलेला आहे.

म्हणजे कोणी सरावलं नाही. जे मरायचे ते मेलेच, आणि उरले ते आधीपासूनच वेगळे होते.

गोंधळ आजचा नाही. 1809 साली लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडलं की जीव आयुष्यभर जे अंगी बाणवतो ते पिलांत उतरतं. त्याच वर्षी डार्विन जन्मला. 1838 साली माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध वाचताना त्याला सुचलं, की जन्मतात फार आणि जगतात थोडे, तर थोडा फायद्याचा फरक असलेलेच पुढे जाणार. वॉलेस हा दुसरा निसर्गअभ्यासक स्वतंत्रपणे तिथेच पोचला, आणि 1 जुलै 1858 रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचं लिखाण एकत्र वाचलं गेलं. डार्विन कबुतरं पाळणाऱ्यांकडून खूप शिकला. तो तासगावला आला असता तर त्याला तास-ए-गणेश हा द्राक्षाचा वाण दाखवला असता. थॉमसन या जुन्या वाणाच्याच वेलींत वेगळा निपजलेला हा प्रकार इथल्या शेतकऱ्याच्या नजरेने हेरला आणि काडीने वाढवला. शेतकऱ्याने वेल बदलला नाही, बदललेला वेल राखला.

लामार्कचं म्हणणं पटकन पटतं, पण आपल्याच घरात ते टिकत नाही. किती पिढ्या आपण बारशाला कान टोचतो, तरी पोर जन्मते ती न टोचलेल्या कानांनीच. वाइझमान या जर्मन शास्त्रज्ञाने उंदरांच्या पाच पिढ्यांच्या शेपट्या कापल्या. 901 पिलं झाली, सगळी शेपटीसकट.

तरी एक शंका उरते. औषध पाहिल्यावरच जंतूत प्रतिकार आला नसेल कशावरून? याचं उत्तर 1952 साली एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी मखमलीच्या तुकड्याने दिलं, आणि मला हा प्रयोग फार आवडतो. बशीत वाढलेल्या जिवाणूंच्या ठिपक्यांवर मखमल अलगद दाबायची. तिच्या लवेला प्रत्येक ठिपक्याचे थोडे जिवाणू चिकटतात. मग तीच मखमल औषध असलेल्या दुसऱ्या बशीत त्याच बाजूने टेकवायची. तिथे मोजकेच ठिपके वाढतात. आता पहिल्या बशीत बरोबर त्याच जागांवरचे जिवाणू उचलायचे. त्यांनी औषध कधी पाहिलेलंच नाही, तरीही प्रतिकार त्यांच्यात सापडतो. प्रतिकार आधी होता, औषधाने फक्त तो उघड केला.

हे पटलं की बागेतला हिशोब बदलतो. सराव झाला असं वाटलं तर माणूस डोस वाढवतो, आम्हीही वाढवायचो. पण औषधाला चिकटायला जागाच नसेल तर दुप्पट डोसने फरक पडत नाही, उलट उरलेसुरले साधे बीजाणू मरून वेगळ्यांना रान आणखी मोकळं होतं. औषधाचा गट बदलावा लागतो. बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण, मात्र बुरशीवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं, म्हणून त्याला चुकवणारा बीजाणू सहसा निपजत नाही. बोर्डो 1885 पासून दावण्यावर वापरात आहे, आजही चालतं.

यंदा अण्णांच्या फवारणीच्या वहीत मी एक रकाना वाढवला. औषधं बुरशीला कुठे मारतात त्यावरून त्यांना जगभर गटाचे आकडे दिलेले आहेत, ते त्यात लिहायचे. आधी गेल्या हंगामाचं पान काढलं. अझॉक्सीस्ट्रोबिन, मग क्रेसॉक्सिम मिथाईल, मग पायराक्लोस्ट्रोबिन. तीन डबे, तीन किमती, आणि दर वेळी अण्णांना वाटलेलं की औषध बदललं. तिन्हींपुढे मी 11 लिहिलं. अण्णांनी चष्मा लावून ते तीन आकडे पाहिले आणि म्हणाले, "म्हंजे आपण तीनदा तेच मारलं."