‘पुनश्च हरिओम’ ते गुढीपाडवा : टाळेबंदीतून बाहेर पडण्याची पार्श्वभूमी

३१ मे २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने ‘मिशन बिगीन अगेन’ या नावाने आदेश काढून कोरोनाच्या साथीमुळे दोन महिन्यांहून अधिक काळ बंद असलेले राज्य टप्प्याटप्प्याने उघडण्याचा कार्यक्रम जाहीर केला. ३ जूनपासून चालणे, धावणे आणि सायकल चालवणे यांसाठी मैदाने व समुद्रकिनारे, ५ जूनपासून दुकाने व बाजारपेठा, ८ जूनपासून दहा टक्के कर्मचाऱ्यांसह खासगी कार्यालये, असा तो क्रम होता. (नेमके ३ जूनलाच ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ धडकले आणि मुंबई-कोकणात पहिला टप्पा त्या दिवशी कागदावरच राहिला.) त्यानंतर २ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्यापर्यंत राज्य उघडले, पुन्हा बंद झाले आणि पुन्हा उघडले. या काळातील आदेश ओळीने वाचले की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. बंद करण्याचे अधिकार पहिल्या दिवसापासून शासनाच्या हाती तयार होते. कशाच्या आधारावर उघडायचे, हे मात्र चालता चालता शिकावे लागले आणि त्या शिकण्याची किंमत दुकानदार, कामगार, विद्यार्थी आणि रुग्ण या सर्वांनी मोजली.

बंद करण्याचा अधिकार ज्या कायद्यातून आला, तो साथरोग अधिनियम मुंबई इलाख्यातील प्लेगमुळेच जन्माला आला होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी जेमतेम चार कलमांचा हा कायदा संमत झाला. साथ आटोक्यात ठेवण्यासाठी शासनाला आवश्यक वाटतील ते उपाय योजण्याची मुभा आणि आदेश मोडणाऱ्यास शिक्षा, एवढाच त्याचा गाभा होता. पुण्यात प्लेग अधिकारी वॉल्टर रँडच्या अधिकाराखाली सैनिकांकरवी घरझडत्या झाल्या, तेव्हा लोकांनी रुग्ण लपवले, घरे सोडली, आणि अखेर २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच वातावरणात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. सुटकेनंतर ‘केसरी’ची सूत्रे पुन्हा हाती घेताना त्यांनी ‘पुनश्च हरिः ॐ’ हा अग्रलेख लिहिला, आणि सुमारे एकशे वीस वर्षांनी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी टाळेबंदी शिथिल करताना तेच शब्द वापरले. १३ मार्च २०२० रोजी राज्याने हाच १८९७ चा कायदा लागू केला. देशव्यापी टाळेबंदीसाठी २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेण्यात आला. घातलेले निर्बंध कोणत्या अटींवर उठवावेत, याविषयी मात्र जुना कायदा काहीच सांगत नाही.

याबाबतचा अनुभव जगाच्या गाठीशी नव्हता असे नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने भारतात एक कोटीहून अधिक बळी घेतले असा अंदाज आहे. मुंबईत जून १९१८ मध्ये आलेली पहिली लाट ओसरली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याहून कितीतरी भीषण लाट आली. उघडण्याचे निर्णय आणि त्यांचे परिणाम यांची सविस्तर नोंद मात्र अमेरिकी शहरांत सापडते. सॅन फ्रान्सिस्कोने २१ नोव्हेंबर १९१८ रोजी दुपारी मास्कची सक्ती उठवली, लोकांनी रस्त्यावर जल्लोष केला, आणि जानेवारी १९१९ मध्ये रुग्ण वाढल्यावर तीच सक्ती परत आणावी लागली. अमेरिकेतील ४३ शहरांच्या नोंदी तपासून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, ज्या शहरांनी उपाय लवकर योजले, एकाच वेळी अनेक योजले आणि दीर्घकाळ टिकवले, तेथे मृत्यू तुलनेने कमी झाले; काही शहरांत उपाय मागे घेतल्यानंतर मृत्यूंचे दुसरे शिखर आले. म्हणजे दार कधी आणि कसे उघडले यावरही जीव अवलंबून असतात, हे २०२० पूर्वीच लिहून ठेवलेले होते.

भारतात पहिली पद्धत रंगांची होती. ३० एप्रिल २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने देशातील १३० जिल्हे लाल, २८४ नारिंगी आणि ३१९ हिरव्या क्षेत्रांत घातले. महाराष्ट्रातील १४ जिल्हे लाल, १६ नारिंगी व ६ हिरवे होते. गोव्याचे दोन्ही जिल्हे हिरव्यात होते. जिल्हा हे एकक फार मोठे होते, हा या पद्धतीतला दोष होता. पुणे जिल्ह्यात दाट वस्तीची भवानी पेठही येते आणि वेल्ह्याचे डोंगरही, पण रंग दोघांना एकच. एखादीच फट उघडली की गर्दी कशी त्याच फटीतून घुसते, हेही लगेच दिसले. ४ मे रोजी मॉल किंवा बाजारसंकुलाबाहेरच्या एकेकट्या दुकानांना आणि त्यात मद्यविक्रीला परवानगी मिळाली, दुकानांपुढे लांबच लांब रांगा लागल्या, आणि दुसऱ्याच दिवशी मुंबई महापालिकेला ही सवलत मागे घ्यावी लागली.

जूनमधली ‘पी-१, पी-२’ पद्धत व्यापाऱ्यांच्या अजून लक्षात असेल. रस्त्याच्या एका बाजूची दुकाने एके दिवशी आणि समोरच्या बाजूची दुसऱ्या दिवशी, सकाळी ९ ते संध्याकाळी ५. कापड दुकानात कपडे घालून पाहण्याची खोली बंद, विकलेला माल परत घेणे किंवा बदलून देणे बंद. नियम करणाऱ्यांचा हेतू गर्दी अर्धी करण्याचा होता. पण ग्राहकाची गरज अर्धी होत नाही, तो उघड्या बाजूला दुप्पट संख्येने येतो. शिवाय दुकानदाराला भाडे आणि पगार पूर्ण महिन्याचे द्यावे लागत होते. मुंबईत ही पद्धत ५ ऑगस्टला संपली. २८ जूनला सलून उघडली तेव्हा केस कापणे, रंगवणे, वॅक्सिंग, थ्रेडिंग अशा मोजक्याच कामांना परवानगी होती, दाढीला नव्हती, आणि येण्यापूर्वी वेळ ठरवून घेणे बंधनकारक होते. हा नियम मला त्या काळातील बऱ्याच नियमांपेक्षा शहाणपणाचा वाटतो, कारण धोका नेमका कोठे आहे याचा विचार त्यात होता : दाढी करताना ग्राहकाचा मास्क उतरतो आणि कारागिराचा चेहरा त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असतो.

पुढचे टप्पे तारखांनी ठरले. मॉल ५ ऑगस्टला, उपाहारगृहे व बार ५ ऑक्टोबरला निम्म्या क्षमतेने, ग्रंथालये ऑक्टोबरच्या मध्यावर, व्यायामशाळा दसऱ्याला २५ ऑक्टोबर रोजी, नाट्यगृहे व चित्रपटगृहे ५ नोव्हेंबरला म्हणजे मराठी रंगभूमी दिनी, आणि मंदिरे दिवाळी पाडव्याला १६ नोव्हेंबरला. बार आधी आणि देऊळ मागाहून, यावरून राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यात जाहीर पत्रापत्री झाली. त्या वादात एक साधा प्रश्न बाजूलाच राहिला : बंदिस्त जागेत माणसे किती वेळ, किती दाटीने आणि मास्क उतरवून बसणार आहेत? या कसोटीवर ग्रंथालय उपाहारगृहाच्या आधी उघडायला हवे होते. मुंबईची लोकल जूनच्या मध्यापासून अत्यावश्यक सेवेसाठी, ऑक्टोबरमध्ये महिलांसाठी आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक वेळांत सर्वांसाठी सुरू झाली. त्या वेळा पहाटे सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर अशा होत्या. दहाच्या कार्यालयात पोहोचणाऱ्याला त्यांचा काहीच उपयोग नव्हता, पण मुंबईच्या लोकलमधील गर्दी पाहता दुसरा मार्गही फारसा नव्हता.

या सर्व काळात दुकानाच्या दारात दिसणारी व्यवस्था जवळपास सारखीच होती. स्टुलावर सॅनिटायझरची बाटली, कपाळाकडे रोखलेले तापमापक यंत्र, जमिनीवर रंगवलेली वर्तुळे आणि गल्ल्यापुढे प्लास्टिकचा पडदा. ताप नसतानाही माणूस संसर्ग पसरवू शकतो, हे माहीत झाल्यावरही ते यंत्र दारावरून हलले नाही. हवेची गोष्ट मात्र फार उशिरा नियमांत आली. जानेवारी २०२० मध्ये चीनमधील ग्वांगझू येथे एका वातानुकूलित, खिडक्या नसलेल्या उपाहारगृहात शेजारच्या तीन टेबलांवरील तीन कुटुंबांतील दहा जणांना लागण झाल्याचे आढळले. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात समूहगायनाच्या तालमीला आलेल्या ६१ जणांपैकी ५३ जण आजारी पडले आणि त्यांतील दोघे दगावले. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून हवेतून होणाऱ्या प्रसाराकडे लक्ष वेधले. भारत सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने खिडक्या-दारे उघडी ठेवा, हवा खेळती राहू द्या, असा साधा आणि स्पष्ट सल्ला प्रसिद्ध केला तो २० मे २०२१ रोजी, दुसऱ्या लाटेने हजारो घरे उद्ध्वस्त केल्यानंतर. आदल्या जूनमध्येच प्रत्येक दुकानदाराला मागची खिडकी उघडून पंखा बाहेरच्या दिशेने लावायला सांगता आले असते; त्याला सॅनिटायझरपेक्षाही कमी खर्च आला असता, ही खंत त्या काळच्या नोंदी चाळताना सुटत नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि विदर्भातील इतर भागांत रुग्ण वाढू लागले. एप्रिलमध्ये ‘ब्रेक द चेन’ या नावाने निर्बंध परतले आणि १८ एप्रिल रोजी राज्यात एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. २०२० च्या सप्टेंबरमधील सर्वोच्च दैनंदिन आकडा २५ हजारांच्या आसपास होता. ऑक्सिजनसाठी झालेली धावपळ राज्याने पाहिली, आणि त्यातूनच पुढची, माझ्या मते या संपूर्ण काळातील सर्वांत महत्त्वाची सुधारणा आली. ४ जून २०२१ च्या आदेशाने तारखांऐवजी दोन आकडे मध्यभागी आणले : चाचण्यांतील बाधितांचे प्रमाण आणि ऑक्सिजन खाटांची व्याप्ती. बाधितांचे प्रमाण पाच टक्क्यांखाली आणि ऑक्सिजन खाटा पंचवीस टक्क्यांहून कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर, म्हणजे जवळजवळ सर्व खुले. प्रमाण वीस टक्क्यांवर किंवा खाटा पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त भरलेल्या असतील तर पाचवा स्तर. दर गुरुवारी आकडे जाहीर व्हायचे आणि बदल सोमवारपासून लागू व्हायचा. मोठ्या महापालिका जिल्ह्यापासून वेगळ्या मोजल्या गेल्या, त्यामुळे लाल-नारिंगी रंगांतला जुना दोषही बराच कमी झाला. आपले दुकान कशामुळे बंद आहे आणि काय झाल्यास उघडेल, हे सामान्य दुकानदाराला पहिल्यांदाच आधी कळू लागले.

सुरुवात मात्र गोंधळाने झाली. ३ जूनला एका मंत्र्यांनी निर्णय जाहीर केला, काही तासांतच तो अंतिम नसल्याचा खुलासा आला आणि आदेश दुसऱ्या दिवशी निघाला. पद्धतीला खरा धक्का २५ जूनला बसला. विषाणूच्या ‘डेल्टा प्लस’ प्रकाराच्या चिंतेमुळे आकडे कितीही चांगले असले तरी कोणालाही तिसऱ्यापेक्षा सैल, म्हणजे पहिल्या किंवा दुसऱ्या स्तरात जाता येणार नाही, असे ठरले; याचा व्यवहारातला अर्थ दुकाने दुपारी चारला बंद. नव्या विषाणूविषयीची सावधगिरी समजण्यासारखी होती, पण वचन दिलेला आकडा गाठूनही दार उघडत नाही म्हटल्यावर विश्वास उडतो, आणि वेळ कमी केल्याने तीच गर्दी थोड्या तासांत दाटते. पुण्यातील व्यापारी आंदोलनाला उतरले ते याच रागातून. ऑगस्टमध्ये सवलती आल्या आणि १५ ऑगस्टपासून लसीच्या दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकल खुली झाली, दुकाने व उपाहारगृहे रात्री दहापर्यंत चालू लागली. येथून मोजमापाचा केंद्रबिंदू जिल्ह्याकडून व्यक्तीच्या लसीकरणाकडे सरकला. लसींचा तुटवडा असताना ही अट तरुण कामगारांना जाचक ठरली, कारण त्यांची पाळीच उशिरा आली होती.

शाळा सर्वांत मागे राहिल्या. जुलै २०२१ मध्ये महिनाभर एकही रुग्ण नसलेल्या गावांत आठवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले, ४ ऑक्टोबरला ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून शाळा उघडल्या, पण मुंबईतील पहिलीच्या मुलाला वर्गाचे तोंड दिसायला १५ डिसेंबर उजाडला. दुसरीतली अनेक मुले तोवर एकदाही शाळेत बसली नव्हती. त्यानंतर महिन्याभरातच विषाणूच्या ओमायक्रॉन या नव्या प्रकारामुळे शाळा पुन्हा बंद झाल्या आणि २४ जानेवारी २०२२ पासून उघडल्या. ८ जानेवारीच्या आदेशात व्यायामशाळा आणि सौंदर्यप्रसाधनगृहे बंद ठेवली होती. दुसऱ्याच दिवशी त्यात दुरुस्ती करून निम्म्या क्षमतेची सवलत दिली गेली.

मार्च २०२२ च्या सुरुवातीला आलेल्या आदेशात या दोन वर्षांत साचलेले शिक्षण एकत्र दिसते. पहिली मात्रा नव्वद टक्क्यांहून अधिक आणि दुसरी सत्तर टक्क्यांहून अधिक लोकांना मिळालेली, बाधितांचे प्रमाण दहा टक्क्यांखाली आणि ऑक्सिजन किंवा अतिदक्षता खाटांची व्याप्ती चाळीस टक्क्यांखाली, या अटी पूर्ण करणाऱ्या मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर यांच्यासह १४ जिल्ह्यांत उपाहारगृहे, नाट्यगृहे, धार्मिक स्थळे पूर्ण क्षमतेने उघडण्यात आली. लसीकरण, संसर्ग आणि रुग्णालयांची क्षमता या तिन्ही गोष्टी एकाच कसोटीत बसवण्यास राज्याला एकवीस महिने लागले. ३१ मार्चला मंत्रिमंडळाने उरलेले सर्व निर्बंध उठवण्याचा निर्णय घेतला, मास्क ऐच्छिक झाला, आणि २ एप्रिलला गुढीपाडव्याच्या शोभायात्रा दोन वर्षांनंतर गिरगाव, डोंबिवली आणि ठाण्याच्या रस्त्यांवरून निघाल्या.