बिल्ड व लढाईचे डावपेच (सोल्ससदृश खेळ)

कठीण ॲक्शन रोल-प्लेइंग व्हिडिओ खेळांत खेळाडू आपल्या पात्राचे गुणांक, शस्त्रे, चिलखत, मंत्र आणि अंगठ्या-ताईत यांची जी हेतुपुरस्सर जुळणी करतो, तिला ‘बिल्ड’ म्हणतात. मराठीत प्रतिशब्द रूढ नाही. ‘घडण’ हा शब्द अर्थाला जवळचा असला तरी खेळणारे ‘बिल्ड’च म्हणतात, म्हणून येथेही तोच ठेवला आहे. नोंदीचा भर जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीच्या खेळांवर आहे : डेमन्स सोल्स (२००९), डार्क सोल्सचे तीन भाग (२०११, २०१४, २०१६), ब्लडबोर्न (२०१५) आणि एल्डन रिंग (२०२२). यांतील बहुतेकांचे दिग्दर्शन हिदेताका मियाझाकी यांनी केले. या खेळांच्या वळणावर इतरांनी केलेल्या खेळांना सोल्ससदृश म्हणण्याची पद्धत आहे.

उगम : या पद्धतीचे मूळ कोठे शोधायचे याबद्दल एकमत नाही. एका मतानुसार ते फ्रॉमसॉफ्टवेअरच्याच किंग्ज फील्ड (१९९४) या खेळात आहे. त्यात वार केल्यावर बळाची पट्टी रिकामी होई आणि ती भरण्याआधी केलेला वार दुबळा पडे. उदास तळघरे, संथ हत्यारे आणि हातचे राखून सांगितलेली कथा यांतही साम्य उघड आहे. तरीही केवळ पट्टीच्या आधारावर मूळ ठरवणे अवघड आहे, कारण १९९३ च्या सीक्रेट ऑफ माना या खेळातही वारानंतर टक्केवारी पुन्हा शंभरावर येईपर्यंत थांबावे लागे. दुसरे मत लढाईच्या अंगावर भर देते. शत्रूवर नजर खिळवून त्याच्याभोवती फिरत लढण्याची रीत ऑकारिना ऑफ टाइम (१९९८) या झेल्डा मालिकेतील खेळाने प्रस्थापित केली, आणि प्रत्येक वाराची किंमत मोजायला लावणारी जड हत्यारे व दमाची पट्टी मॉन्स्टर हंटरमध्ये (२००४) एकत्र आली. वातावरण आणि जगाची रचना यांबाबत पहिले मत भक्कम आहे. हातघाईच्या व्याकरणाबाबत मात्र दुसरे अधिक ग्राह्य वाटते. किंग्ज फील्डमध्ये खेळाडू पात्राच्या डोळ्यांतून पाहतो. त्यामुळे आजच्या डावपेचांचा कणा असलेली लोळण, म्हणजे रोल, तेथे नाही.

बिल्ड या कल्पनेचा वंश याहून वेगळा आणि जुना आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स (१९७४) या टेबलावरच्या खेळात बळ, बुद्धी, चापल्य आदी सहा गुण होते, पण मूळ नियमांत ते तीन फाशांच्या दानावर ठरत; पात्र घडवण्यापेक्षा ते पदरी पडे. विझर्ड्रीने (१९८१) ही गुणपद्धती संगणकावर आणली. तो खेळ पुढे जपानमध्ये फार लोकप्रिय झाला. दर लेव्हलला, म्हणजे पात्राच्या प्रगतीच्या पायरीला, ठरावीक गुण हाती देऊन ‘हवे तेथे घाला’ म्हणणारी पद्धत डायब्लोने सर्वदूर नेली. (त्याच्या प्रकाशनाचे वर्ष कोठे १९९६ तर कोठे १९९७ दिलेले आढळते, तो वर्षाच्या सांध्यावर बाजारात आला.) खेळाडूंच्या बोलण्यात ‘बिल्ड’ शब्द रुळला तो साधारणतः याच सुमारास किंवा थोडा नंतर, असे मानण्यास हरकत नाही.

गुणांकांचे गणित : एल्डन रिंगमध्ये आठ गुण आहेत : व्हिगर (जीवनशक्ती), माइंड (मन), एन्ड्युरन्स (चिवटपणा), स्ट्रेंग्थ (बळ), डेक्सटेरिटी (चापल्य), इंटेलिजन्स (बुद्धी), फेथ (श्रद्धा) आणि आर्केन (गूढशक्ती). प्रत्येकाची कमाल मर्यादा ९९. शस्त्राला किमान गुणांची अट असते आणि कोणत्या गुणाने त्याचा मार किती वाढेल हे एस, ए, बी, सी, डी, ई या अक्षरांनी दाखवलेले असते. मात्र वाढ सरळ रेषेत होत नाही. एका टप्प्यानंतर तीच लेव्हल कमी फळ देते. या टप्प्याला खेळाडूंनी ‘सॉफ्ट कॅप’ हे नाव दिले. व्हिगर २५ असता आयुष्य ८०० असते, ४० ला १,४५०, ६० ला १,९०० आणि ९९ ला २,१००. म्हणजे २५ ते ४० दरम्यान प्रत्येक लेव्हलमागे सरासरी ४३ हून अधिक, ४० ते ६० दरम्यान साडेबावीस, आणि त्यापुढे जेमतेम पाच. साठावर थांबण्याचा सल्ला या आकड्यांतूनच आला आहे.

दुसरा कळीचा नियम दुहाती पकडीचा. शस्त्र दोन्ही हातांनी धरले की स्ट्रेंग्थ दीडपट धरली जाते. पहिल्या डार्क सोल्समध्ये सॉफ्ट कॅप ४० वर होती, म्हणून २७ स्ट्रेंग्थचा दुहाती योद्धा ती गाठतो आणि वाचलेल्या तेरा लेव्हल दुसरीकडे घालतो. एल्डन रिंगमधील ५४ हा आकडा (५४ च्या दीडपट ८१, आणि तेथील टप्पा ८०) त्याच हिशेबातून येतो. जड तलवारीवाल्यांची ढाल पाठीवर का असते याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

दम, वजन आणि रोल : वार, रोल, धावणे आणि ढालीवर घाव झेलणे या सर्वांचा खर्च दमाच्या, म्हणजे स्टॅमिनाच्या, एकाच पट्टीतून होतो. या खेळांतील जवळजवळ सर्व डावपेच त्या पट्टीचे व्यवस्थापन आहेत. ढाल उचललेली असताना दम सावकाश भरतो. भीतीने ढाल सतत वर धरणारा नवखा खेळाडू यामुळेच दोन-तीन घावांत उघडा पडतो. पट्टीत थोडासा दम उरला असला तरी वार सुटतो, पण मग निसटण्यासाठी काही शिल्लक राहत नाही. तीन वारांची संधी दिसत असता दोनच करून मागे हटण्याची शिकवण या हिशेबावर उभी आहे.

रोलच्या सुरुवातीच्या काही फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावर एकापाठोपाठ येणाऱ्या चित्रचौकटींत, पात्राला इजा होत नाही. या फ्रेमना ‘आय-फ्रेम’ म्हणतात. ते सेकंदाच्या अंशात मोजावे लागतात, म्हणून घावापासून दूर पळण्याऐवजी घाव अंगावर येताना त्याच्यातून, पुष्कळदा शत्रूच्याच दिशेने, रोल घेणे अधिक सुरक्षित ठरते. मनाला हे पटायला वेळ लागतो. खरा सराव त्याचाच असतो. रोलचा दर्जा अंगावरच्या वजनावर ठरतो. पहिल्या डार्क सोल्समध्ये वाहण्याच्या क्षमतेच्या २५ टक्क्यांपर्यंत चपळ, ५० टक्क्यांपर्यंत मध्यम आणि त्यापुढे जड रोल मिळे. तिसऱ्या भागात व एल्डन रिंगमध्ये या सीमा ३० आणि ७० टक्के झाल्या, त्यामुळे बऱ्यापैकी चिलखत घालूनही मध्यम रोल राखता येतो. दुसऱ्या भागाने मात्र रोलची सुरक्षितता ॲडॅप्टेबिलिटी या वेगळ्या गुणाला जोडली. खेळाडूचे कौशल्य आणि पात्राचे आकडे यांची सरमिसळ तेथे सर्वांत उघडी पडते; त्या भागावरील टीकेचा मोठा वाटा या एका निर्णयामुळे आहे, आणि ती टीका रास्त आहे. आकडा दिसत असला तरी रोल का फसला हे खेळाडूला कळत नाही.

पॉइज, म्हणजे घाव बसूनही न डगमगण्याची क्षमता, हा आणखी एक वादाचा विषय. पहिल्या भागात ती सदैव लागू असे, म्हणून जड चिलखताचा योद्धा घाव खात खात वार पूर्ण करी. तिसऱ्या भागात ती मुख्यतः स्वतःचा वार चालू असतानाच कामी येते. प्रारंभी अनेकांची समजूत झाली की ती बंदच ठेवली आहे.

पॅरी : शत्रूचा वार ऐन वेळी उडवून लावणे म्हणजे पॅरी, त्यानंतरच्या प्रतिघाताने मोठी इजा होते. ब्लडबोर्नमध्ये हे काम बंदूक करते. तेथे गमावलेले आयुष्य लगेच उलट वार करून काही अंशी परत मिळवता येते, त्यामुळे माघारीपेक्षा चढाई फायद्याची ठरते.

प्रचलित प्रकार : जड शस्त्रांचा स्ट्रेंग्थ बिल्ड, चपळ शस्त्रांचा डेक्स, दोहोंचा मिलाफ असलेला क्वालिटी, जादूचा इंट, प्रार्थनामंत्रांचा फेथ, आणि एल्डन रिंगमधील आर्केनवर आधारलेला रक्तस्रावाचा बिल्ड.

बिल्ड कायमचा नसतो. १७ मार्च २०२२ च्या एल्डन रिंगच्या १.०३ या आवृत्तीत होअरफ्रॉस्ट स्टॉम्प हे कौशल्य व मिमिक टिअर हा साहाय्यक आत्मा दुबळे केले गेले आणि त्यांवर उभे असलेले बिल्ड रातोरात मोडले. रेनाला या राणीला हरवल्यावर लार्व्हल टिअर ही वस्तू देऊन गुणांची फेरवाटणी करता येते, ती अशा वेळी उपयोगी पडते. शॅडो ऑफ द अर्डट्री (२०२४) या विस्तारात वेगळी युक्ती आहे : तेथे स्कॅडूट्री तुकडे गोळा करून वीस पायऱ्यांपर्यंत बळ वाढवावे लागते, त्यामुळे उच्च लेव्हलचे पात्रही आत शिरताच पुन्हा हळवे होते.

सेकिरो (२०१९) या खेळात मियाझाकी यांनी गुणवाटप काढूनच टाकले. तलवार एकच, आणि दमाच्या पट्टीऐवजी पवित्र्याची पट्टी. वार नेमक्या क्षणी अडवून शत्रूचा पवित्रा मोडायचा. बॉस, म्हणजे टप्प्याचा प्रमुख शत्रू, जड वाटला तर लेव्हल वाढवून परत येण्याची वाट येथे नाही. मणी जमवून आयुष्य आणि बॉसच्या स्मृती खर्चून माराचे बळ तेवढे वाढते.