कंपासाची अक्षरे आणि शिरोरेषा

पणजीत किंवा मडगावात एखाद्या नव्या दुकानाची पाटी पाहा. वर रोमन नाव गोलाकार, एकाच जाडीच्या, ऐसपैस अक्षरांत असते आणि खाली देवनागरी नावाची शिरोरेषा जागोजागी तुटलेली. अक्षरांचे हे भौमितिक वळण रोमन लिपीसाठी घडले, म्हणून असे होते.

पाउल रेनर यांचा फ्युचुरा हा फाँट १९२७ साली फ्रँकफुर्टच्या बावर फाउंड्रीने, म्हणजे छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्याने, बाजारात आणला. तो कंपासाने काढल्यासारखा दिसतो, पण तसा नाही. गोलाई उभ्या रेषेला मिळते तिथे जाडी कमी केलेली आहे, नाहीतर सांध्यात काळा ठिपका दिसतो. चंद्रावर ठेवलेल्या अपोलो ११च्या फलकावरही फ्युचुराच आहे. या वळणाची दुसरी शाखा इटलीतल्या तुरिनच्या नेबिओलो फाउंड्रीची. तिथला १९५२चा मायक्रोग्रामा हा फाँट फक्त कॅपिटल अक्षरांचा होता. आल्दो नोवारेझे यांनी १९६२मध्ये त्याच्या पुढच्या रूपात, युरोस्टिलेत, स्मॉल अक्षरे दिली. जुन्या टीव्हीच्या पडद्यासारखा गोल कोपऱ्यांचा चौकोन हा त्याचा साचा, आणि ‘भविष्यातले अक्षर’ म्हणून आजही तोच डोळ्यांसमोर येतो.

गोव्यात छापखाना आला १५५६मध्ये, पण देवनागरी खिळे आले नाहीत. इथले इंग्रज जेझुइट मिशनरी फादर स्टीफन्स यांनी १६०८च्या पत्रात कारण लिहून ठेवले आहे: युरोपात चोवीस साचे पुरतात, इथे सहाशे लागतील. त्यामुळे त्यांचे मराठी क्रिस्तपुराण १६१६मध्ये रोमन लिपीत छापले गेले. हे गणित अजून सुटलेले नाही, फक्त संगणकाने ते पेलले आहे. इंडियन टाईप फाउंड्रीच्या २०१४च्या पॉपिन्समध्ये प्रत्येक वजनात (म्हणजे अक्षराच्या प्रत्येक जाडीत) १,०१४ अक्षराकृती आहेत. देवनागरी आणि रोमन दोन्ही एकाच भौमितिक पद्धतीने काढलेला हा फाँट मोफत मिळतो. द्वैभाषिक पाटीसाठी मी आधी तोच सुचवीन.

‘कुंकळ्ळी’ हे गोव्यातल्या गावाचे नाव घेऊन पाहा. रोमनला मोकळेपणासाठी १००–२०० ट्रॅकिंग (अक्षरांमधले जादा अंतर) देतात; तेच देवनागरीला दिले की शिरोरेषा फाटते, म्हणून तिथे शून्यच ठेवावे. फार जाड वजनात ळ्ळच्या वाट्या बुजतात. मध्यम किंवा सेमीबोल्ड घ्यावे. पॉपिन्सची देवनागरी रोमन कॅपिटलपेक्षा उंच असते, तेव्हा वरचे नाव सगळे कॅपिटलमध्ये असेल तर देवनागरी थोडी लहान करावी आणि वेलांटी-अनुस्वारासाठी दोन ओळींच्या मध्ये जागा सोडावी. ॲक्रेलिक कापताना अखंड शिरोरेषेमुळे पूर्ण शब्द एका तुकड्यात निघतो, बसवताना ओळ वाकडी होत नाही. अनुस्वाराचा ठिपका मात्र सुटाच पडतो. तो मोजून वेगळा बांधून द्यावा आणि बसवणाऱ्याला पूर्ण मापाचा कागदी नमुना द्यावा, नाहीतर तो ठिपका हमखास भलत्याच अक्षरावर चिकटतो.